साडूभाऊंच्या काठीवरची कडी

रविवारी सकाळी तळ्याच्या काठावर सासऱ्यांनी खिशातून चष्मा काढला, तेव्हाच थोरल्या जावयांनी ओळखलं, की आजचा रविवार आपला नाही.

सासरे निवृत्त स्टेशनमास्तर. सिग्नल सोडून इतर कशाकडे टक लावून पाहायची त्यांना सवय नव्हती. वर्तमानपत्र ते चष्म्याशिवाय वाचत, जेवणातला खडा चष्म्याशिवाय काढत, आणि थोरल्या मुलीसाठी जावईसुद्धा त्यांनी चष्म्याशिवायच पसंत केला होता. (याचा अर्थ नेमका काय घ्यायचा, हे थोरल्या जावयांना अजून ठरवता आलं नव्हतं.) असा माणूस आज चष्मा लावून, कमरेत वाकून, दुसऱ्या जावयाच्या गळाच्या काठीकडे पाहत होता.

"हे काय बसवलंत, डॉक्टर?"

"काही विशेष नाही बाबा," दुसरे जावई म्हणाले. ते दातांचे डॉक्टर होते, आणि विशेष काही असलं की विशेष काही नाही असं म्हणायची त्यांची पद्धत होती. "गळ अडकवायला एक कडी केली. दात सरळ करायची तार असते ना आमच्याकडे, तिची."

सासऱ्यांनी कडीला बोट लावून पाहिलं. काठीच्या मुठीच्या जरा वर, चमचमणारी, मसुराच्या डाळीएवढी ती कडी रेशमी दोऱ्याने अशी सुबक बांधली होती की काठी जन्माला येतानाच ती घेऊन आली असावी. डॉक्टरांनी गळ तिच्यात अडकवला, रीळ अर्धा वेढा फिरवलं, दोरी ताणली गेली आणि गळ तिथे गपचूप बसला.

"वा," सासरे म्हणाले.

इथे सांगायला हवं, की सासरे 'वा' म्हणत नसत. मोठा मासा लागला तर 'हं' म्हणत, आणि त्याहून मोठा सुटून गेला तर 'बरं'. थोरले जावई इतकी वर्षं रविवारमागून रविवार त्यांच्या शेजारी बसत आले होते, ते सगळे हं आणि बरं यांच्यावर.

मग सासऱ्यांनी, चष्मा लावलेलाच होता म्हणून, थोरल्यांच्या काठीकडेही पाहिलं. कडी नसेल तर गळ लोंबकळतो आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना झुडूप, बाही, टोपी, जे मिळेल ते धरतो. थोरले म्हणून तो बुचाच्या मुठीत खुपसून ठेवत. वर्षानुवर्षं खुपसून मुठीची चाळण झाली होती.

"तुमच्या मुठीला देवी आलेल्या दिसतात," सासरे म्हणाले.

डॉक्टर हसले. मनापासून आणि निर्मळ हसले, आणि दात इतके चांगले असलेल्या माणसाने एवढं तोंड उघडून हसणं ही जाहिरात नव्हे तर काय, असं थोरल्यांच्या मनात येऊन गेलं.

थोरले जावई शालेय पुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासत. ऱ्हस्वाची दीर्घ झालेली वेलांटी त्यांना पानाच्या पलीकडूनही दिसे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत घास उतरत नसे. त्यावरून छापखान्यात त्यांचं नाव वेलांटीसाहेब पडलं होतं, ते सोसायटीपर्यंत आलं, आणि आता बायकोसुद्धा रागावली की हेच नाव वापरी. आपणही तेच वापरू.

त्या दिवशी वेलांटीसाहेब घरी आले आणि त्यांनी काठी कोपऱ्यात उभी केली. बायकोने विचारलं, "मासे नाही मिळाले?"

"मासे गौण आहेत."

"मग काय झालं?"

"तुझ्या बहिणीच्या नवऱ्याने काठीला कडी बसवली आहे."

"बरं मग?"

"बाबांनी चष्मा लावला."

बायको स्टेशनमास्तरांची मुलगी होती. चष्म्याचं ऐकून तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "तुम्हाला हेवा वाटतोय," ती म्हणाली.

वेलांटीसाहेबांनी ते साफ नाकारलं. हेवा, मत्सर, असूया हे शब्द त्यांनी आयुष्यभर तपासले होते, असूयेतला दीर्घ ऊ कित्येकदा स्वतःच्या हाताने घातला होता. त्यातलं काहीएक आपल्याला होत नाही, हे त्यांनी बायकोला समजावून सांगितलं. प्रश्न सोयीचा आहे. गळ लोंबकळणं धोक्याचं असतं. शिवाय तळ्यावरच्या क्लबाची जोडीची स्पर्धा तोंडावर आली होती, आणि सासरे दरवर्षी आपल्या जोडीला थोरल्यांचं नाव देत. ही जोडी आजवर कधीच जिंकली नव्हती, पण ती जोडी होती. डॉक्टरांनी आपला दवाखाना याच गावात हलवल्यापासून मात्र यंदाचं नाव द्यायचं सासरे पुढे ढकलत होते.

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून सुटल्यावर वेलांटीसाहेब गळाच्या सामानाच्या दुकानात गेले. आपल्याला हवी ती वस्तू बाजारात हुक कीपर या नावाने ओळखली जाते आणि ती चार जातींची असते, हे त्यांना तिथे कळलं. एक रबराच्या कड्यांनी काठीवर बसते, कधीही काढा, कधीही घाला. दुसरी चिमट्यासारखी, स्क्रूने आवळायची. तिसरी तारेची, दोऱ्याने बांधून वर रोगण चढवायची. चौथी लोहचुंबकाची. गळ नुसता जवळ नेला की टक्कन बसतो. पण ती दुकानात नव्हती, परदेशातून मागवावी लागे.

"डॉक्टरसाहेबांनी घरीच केलेली पाहिली का तुम्ही?" दुकानदार म्हणाला. "काल दाखवून गेले. मी म्हटलं, अशी कंपनीसुद्धा करत नाही."

वेलांटीसाहेबांनी रबराची घेतली. का, ते सांगता आलं नसतं. बहुधा लवकर बाहेर पडायचं होतं म्हणून.

सोसायटीत काहीही नवं आलं की त्यावर दोन मतं मिळतात. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाईंचं एक, आणि समोरच्या विमेवाल्यांचं दुसरं. मास्तरीणबाईंनी कडी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "याच्याऐवजी केसाची पिन वाकवली असती तर चाललं असतं. शाळेत मी मुलांची तुटकी दप्तरं पिनांवर चालवली आहेत." विमेवाल्यांनी रबर ओढून पाहिलं आणि ते म्हणाले, "उन्हाने कडक होईल. मग तुटेल. तुटलं की गळ सुटेल. सुटला की कुणाच्या तरी डोळ्यात." एवढं सांगून ते प्रसन्न झाले. अपघाताची साखळी लागली की त्यांना नेहमीच बरं वाटे.

रबर कडक व्हायची वेळच आली नाही. रविवारी पहाटे वेलांटीसाहेब काठी घेऊन जिना उतरू लागले. कडी काठीवरून हळूच खाली सरकली, गळ सुटला आणि कठड्यावर वाळत घातलेल्या विमेवाल्यांच्या पाटलोणीत रुतला. वेलांटीसाहेबांना ते कळलं नाही. मनात ते सासऱ्यांना चष्मा लावायला लावत होते. पाटलोण कठड्यावरून निघाली आणि त्यांच्यामागे जिना उतरून, फाटक ओलांडून, रस्त्यावर आली. दूधवाला म्हणाला, "साहेब, मागे कुणीतरी आहे." ते वळले, तर पाटलोणही वळली. वर गॅलरीत विमेवाले टॉवेल गुंडाळून उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "मी सांगितलं होतं."

तळ्यावर सासऱ्यांना यातलं काही सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण बायकोने बहिणीला फोन केला होता, बहिणीने नवऱ्याला सांगितलं होतं, आणि डॉक्टरांनी काळजीच्या स्वरात सासऱ्यांसमोरच विचारलं, "साडूभाऊ, पाटलोण फाटली तर नाही ना? तुम्हाला पण एक कडी करून देऊ का? संध्याकाळी पाच मिनिटांचं काम आहे."

टोमणा मारला असता तर वेलांटीसाहेबांनी सहन केला असता. माणूस खरोखर मदत करायला निघाला होता, हेच असह्य होतं.

"नको," ते म्हणाले. "मी चुंबकाची मागवली आहे." मागवली नव्हती. त्याच संध्याकाळी मागवली.

चुंबकाची कडी परदेशातून निघाली आणि गावातल्या पार्सल कचेरीत येऊन अडकली. सोडवून घ्यायला स्वतः या, असा निरोप आला. वेलांटीसाहेब अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. खिडकीमागच्या कारकुनाने डबी कानाजवळ हलवून पाहिली.

"आत काय आहे?"

"हुक कीपर."

"म्हणजे?"

"गळ अडकवायचं साधन."

"म्हणजे गळ."

"नाही. गळ यात नाही."

"मग यात काय आहे?"

"गळ ज्यात अडकतो ते."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "मासा?" तो म्हणाला. "मासे टपालाने मागवता येत नाहीत. आणि मागवले असतील, तर सजीव वस्तूंची खिडकी तिकडे."

वेलांटीसाहेबांनी पहिल्यापासून समजावलं. समजावताना त्यांची नजर कारकुनाच्या डोक्यावरच्या पाटीवर गेली. तिथे मोठ्या अक्षरात 'महत्वाची सुचना' असं रंगवलं होतं. दोन शब्दांत दोन चुका. त्यांनी स्वतःला आवरायचा प्रयत्न केला. खूप केला. मग ते म्हणाले, "एक सांगू का, त्या पाटीवर सू दीर्घ पाहिजे. आणि महत्त्वला दोन त."

कारकुनाने वळून पाटीकडे पाहिलं, मग डबीकडे, मग वेलांटीसाहेबांकडे. पाटी त्यानेच रंगवली होती. "ही वस्तू सुटा भाग दिसते," तो म्हणाला. "सुट्या भागासाठी मूळ वस्तू दाखवावी लागते. काठी घेऊन या."

ते काठी घेऊन आले. दारावरच्या पहारेकऱ्याने त्यांना अडवलं. काठी घेऊन आत जाता येत नाही, काठी बाहेर ठेवा. बाहेर ठेवली तर आत दाखवणार काय, असं त्यांनी विचारलं. तो आपला प्रश्न नाही, असं पहारेकऱ्याने सांगितलं. शेवटी कारकून जेवायला बाहेर पडला, तेव्हा वेलांटीसाहेबांनी त्याला रस्त्यावर गाठून काठी दाखवली. त्याने ती हातात घेतली, हवेत एकदा फिरवून पाहिली आणि विचारलं, "याने खरंच मासे मिळतात?"

"कधी कधी," वेलांटीसाहेब म्हणाले. प्रामाणिकपणा त्यांच्या हाडात होता.

त्याला दया आली असावी. डबी सुटली.

चुंबकाची कडी खरोखर देखणी होती. काळीभोर, गुळगुळीत, गळ जवळ नेताच टक्कन ओढून घेणारी. वेलांटीसाहेबांनी घरी ती टक्क टक्क करत इतका वेळ घालवला की बायकोने जेवण झाकून ठेवलं आणि ती झोपायला गेली. रविवारी ते सगळ्यांच्या आधी तळ्यावर पोचले. सासरे आले, बसले, त्यांनी आपली गळांची पेटी उघडली. पेटीत लहानमोठे गळ कप्प्याकप्प्यांत लावलेले असत, अगदी रुळांच्या आकड्यांप्रमाणे. तो कप्प्यांचा संसार सासऱ्यांनी निवृत्तीनंतर उभा केला होता.

"बाबा, हे पाहा," वेलांटीसाहेब म्हणाले आणि त्यांनी काठीची मूठ पेटीवर धरली.

सगळे गळ एकदम उठले. मोठे आधी, लहान मागून, सर्व कप्पे सोडून ते चुंबकावर जाऊन बसले आणि एकमेकांत गुंतले. काठीच्या मुठीशी क्षणात एक साळिंदर तयार झालं. सासऱ्यांनी रिकाम्या पेटीकडे पाहिलं. मग साळिंदराकडे पाहिलं. चष्मा लावला नाही. त्याची गरज नव्हती.

"बरं," ते म्हणाले.

मागोमाग आलेल्या डॉक्टरांनी खिशातून चिमटा काढला. दातांचा चिमटा हा माणूस तळ्यावरही घेऊन येतो, हे वेलांटीसाहेबांना तेव्हा कळलं. साळिंदर मांडीवर घेऊन डॉक्टर एकेक गळ सोडवू लागले, आणि सासरे शेजारी बसून एकेक कप्प्यात ठेवू लागले. दोघं गुडघ्याला गुडघा लावून, डोक्याला डोकं लावून बसले होते. वेलांटीसाहेबांना करायला काही नव्हतं. ते पाण्याकडे तोंड करून बसले. मागून सासऱ्यांचा आवाज ऐकू येत होता, "हात हलका आहे हो तुमचा, डॉक्टर." त्या दिवशी त्यांच्या गळाला लागोपाठ दोन मासे लागले. त्यांनी ते कुणाला न दाखवता सोडून दिले.

त्यानंतर दुसरा कुणी असता तर थांबला असता. वेलांटीसाहेबांनी ठरवलं की दोष बाजारच्या वस्तूचा आहे. डॉक्टर जर हाताने कडी करू शकतो, तर आपल्यालाही हात आहेत. छापखान्यातून त्यांनी एक मजबूत टाचणी आणली, तिला पक्कडीने कडीचा आकार दिला. तो आकार काही केल्या कडीचा होईना, तो पहिल्या वेलांटीसारखाच वाकडा राहिला, पण वेलांटीसाहेबांना तो आवडला. बायकोच्या शिवणाच्या डब्यातून रेशमी दोरा घेतला. रोगण वाळायला रात्र लागते असं दुकानदार म्हणाला होता, म्हणून त्यांनी झटपट चिकटणारा डिंक घेतला. टाचणी जागेवर धरायला डावा अंगठा आणि तर्जनी काठीवर दाबली, उजव्या हाताने नळी पिळली. नळी आधी काही देईना. मग तिने सगळंच दिलं.

टाचणी निसटून कपाटाखाली गेली. अंगठा आणि तर्जनी काठीवर राहिली.

बायको आली, पाहिलं आणि दारातच उभी राहिली. "सोडा ना ती काठी," ती म्हणाली.

"मला सोडायची आहे," वेलांटीसाहेब म्हणाले. "ती सोडत नाही."

मास्तरीणबाईंनी कोमट पाणी सुचवलं. विमेवाल्यांनी त्यांच्या अपघात विम्याची मुदत संपली आहे का, याची चौकशी केली आणि अंगठा गेल्यास किती आणि तर्जनी गेल्यास किती, हे तोंडपाठ सांगितलं. कोमट पाण्याने काठी स्वच्छ झाली. बायकोने बहिणीला फोन लावला आणि दोन मिनिटांत फोन ठेवून म्हणाली, "चला. भाऊजी म्हणाले, दवाखान्यात घेऊन या. त्यांच्याकडे त्याचं औषध आहे."

"मी असाच राहीन," वेलांटीसाहेब म्हणाले.

"उद्या छापखान्यात काठी घेऊन जाल?"

त्यांनी यावर खरोखर विचार केला. मग काठीचा वरचा अर्धा भाग काढून ठेवला, आणि खालचा अर्धा हाताला घेऊन निघाले.

दवाखान्यात रांग होती. गाल सुजलेल्या एका गृहस्थांनी त्यांच्याकडे आणि काठीकडे बराच वेळ पाहिलं आणि कसंबसं तोंड उघडून विचारलं, "तुमचा कोणता दात?" वेलांटीसाहेबांनी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर दात कसे घासावेत याची चित्रं होती आणि त्यांखालचं लेखन निर्दोष होतं. त्याचाही त्यांना राग आला.

डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, दिवा हातावर ओढला आणि कापसाने थेंब थेंब औषध सोडायला सुरुवात केली. हसले नाहीत. काही विचारलंही नाही. ते नुसतं काम करत होते, आणि वेलांटीसाहेब त्यांच्या हलक्या हाताकडे पाहत मनात म्हणत होते, की या माणसात एखादी तरी खोट असायला हवी होती.

"साडूभाऊ," डॉक्टर हळूच म्हणाले, "ती कडी पाच मिनिटांत झाली नव्हती."

"काय?"

"आठवडाभर करत होतो. रोज दवाखाना बंद झाल्यावर. कितीतरी तारा फुकट गेल्या." त्यांनी कापूस बदलला. "तुम्हाला सांगतो, मी या गावात आल्यापासून बाबांबरोबर तळ्यावर येतोय, पण त्यांच्या तोंडात सारखं तुमचंच. थोरले किती शांत बसतात. थोरले बोलून मासे घालवत नाहीत. एकदा मला म्हणाले, डॉक्टर, तुम्ही पेशंटचं तोंड उघडं ठेवता ते ठीक, पण आपलं मिटत जा. मला वाटलं, काहीतरी करून दाखवावं."

वेलांटीसाहेब त्यांच्याकडे पाहतच राहिले. इतके आठवडे ज्याच्यावर ते जळत होते तो माणूस त्याच सुमारास त्यांच्यावर जळत होता. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. तेवढ्यात अंगठाही सुटला.

"म्हणजे बाबा माझी तारीफ करतात?" त्यांनी विचारलं.

"माझ्यादेखत. नेहमी."

"तुमची माझ्यादेखत करतात."

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून तारेचा तुकडा काढला, आणि वेलांटीसाहेब दातांच्या खुर्चीत असतानाच त्यांच्या काठीवर कडी बसवून दिली. दोरा वेलांटीसाहेबांनी धरला. बाहेर सुजलेल्या गालाचे गृहस्थ वाट पाहत होते.

त्याच संध्याकाळी दोघंही सासऱ्यांकडे गेले. यंदा जोडीला कुणाला घ्यायचं ते बाबांनीच ठरवावं, दोघांपैकी कुणालाही वाईट वाटणार नाही, असं सांगायचं ठरलं होतं. वाटेत दोघांनी एकमेकांना पुढे करून पाहिलं. तुम्ही थोरले. नाही, तुमचा हात हलका. मनातून प्रत्येकाला आपलंच नाव येणार याची खात्री होती, म्हणून एवढं औदार्य परवडत होतं.

दार सासऱ्यांच्या तिसऱ्या, सगळ्यांत धाकट्या मुलीने उघडलं. आत सासऱ्यांसमोर एक उंच, सडपातळ तरुण बसला होता. हवामान खात्यात होता, आणि महिनाभरात या घराचा तिसरा जावई होणार होता. सासऱ्यांच्या हातात दोरी होती. ते त्याला गाठ शिकवत होते.

"या," सासरे म्हणाले. "यांना गळ कसा बांधतात तेसुद्धा माहीत नाही. एकदम कोरी पाटी." आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला होता, की तसा तो गाडी वेळेवर आल्यावरही कधी खुलला नसेल.

"स्पर्धेचं काय, बाबा?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिलं ना नाव. माझं आणि धाकट्यांचं."

डॉक्टर क्षणभर समाधानाने हसले. आजवर धाकटे म्हणजे तेच होते. मग सासऱ्यांनी नव्या धाकट्यांच्या हातातली गाठ सोडून पुन्हा बांधायला दिली, आणि डॉक्टरांचं हसू दातांवर तसंच राहिलं.

स्पर्धेत दोघा साडूंनी एकत्र नाव दिलं. दोघांच्या काठ्यांवर सारख्या कड्या होत्या, आणि दोघंही गप्प बसले. दुपारी वेलांटीसाहेबांच्या गळाला क्लबातल्या कुणी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता एवढा मोठा मासा लागला. डॉक्टरांनी जाळी धरली. भोवती गर्दी जमली, लोक पाठ थोपटू लागले. दोघांनी गर्दीतून मान काढून सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे पाठमोरे होते. धाकट्यांचा गळ त्यांच्याच शर्टाच्या कॉलरमध्ये अडकला होता आणि सासरे तो सोडवत होते. "हालू नका," ते प्रेमाने सांगत होते. "असं होतंच. सगळ्यांचं होतं." मग धाकट्यांना बोटाएवढा मासा मिळाला. सासऱ्यांनी तो तळहातावर घेऊन तळ्याभोवती एक फेरी मारली. साडूंच्या टोपलीजवळ आल्यावर त्यांनी आत डोकावलं, 'हं' म्हटलं आणि बोटाएवढा मासा पुढे केला. "पहिलाच," ते म्हणाले. "वा."

पारितोषिक घेऊन परतताना डॉक्टर म्हणाले, "हवामान खात्यात असून टोपी आणली नव्हती त्याने."

"नव्हती आणली," वेलांटीसाहेब म्हणाले. "बाबांनी स्वतःची दिली."

पुढच्या रविवारी चौघंही तळ्यावर होते. सासरे धाकट्यांना रीळ दाखवत होते. मग डॉक्टर एकदम म्हणाले, "बाबा, ही गाठ जरा दाखवता का? मला काही जमत नाहीये."

वेलांटीसाहेबांनी चमकून पाहिलं. गळाच्या गाठी हा माणूस डोळे मिटून बांधत असे. चेहरा मात्र असा निष्पाप ठेवला होता, की एखाद्या पेशंटला दुखणार नाही म्हणून सांगत असावा. सासरे उठले, डॉक्टरांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांनी दोरी हातात घेतली.

वेलांटीसाहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. काठीला कडी होती, गळ कडीत नीट बसला होता, दोरी ताणलेली होती, कुठेही काहीही चुकलेलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना चुकांची इतकी गरज भासली. त्यांनी घसा साफ केला.

"बाबा," ते म्हणाले, "काठी नक्की कोणत्या हातात धरायची असते?"

सासऱ्यांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. नंतर डॉक्टरांकडे पाहिलं. दोन्ही जावयांना एकाच सकाळी काय झालं असावं, हे त्यांना उमगेना.

तोवर धाकटे उठून वेलांटीसाहेबांच्या शेजारी येऊन बसलेही होते. "थांबा दादा, मी दाखवतो," ते म्हणाले, आणि त्यांनी वेलांटीसाहेबांची बोटं एकेक करून मुठीवर नीट बसवली. "अंगठा असा वर. घाबरायचं नाही. सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं."

सासरे चष्मा लावून पाहत होते.

"बघा डॉक्टर," ते म्हणाले, "किती छान समजावून सांगतात."